किमान, कमाल आणि असमानतेचे चिन्ह

उद्दिष्ट : या घटकांशाच्या अभ्यासानंतर मर्यादावाचक शब्दांचा अर्थ निश्चित करून योग्य असमानता-चिन्ह आपल्याला निवडता येईल.

विषय-विवेचन

गणितातील शाब्दिक उदाहरणात भाषेचे काम आकडेमोडीच्या आधी सुरू होते. समजा, नेर तालुक्यातील एका कुटुंबाकडे ५ एकर कोरडवाहू जमीन आहे. एकरी नफा कापसाचा १२ हजार रुपये व तुरीचा ९ हजार रुपये धरू. घरच्या डाळीसाठी किमान १ एकर तूर हवी. जास्तीत जास्त नफा किती?

कापूस 'क' एकर व तूर 'त' एकर मानू. दोन्ही राशी ऋण असू शकत नाहीत. जमिनीची अट क + त ≤ ५ अशी होते. तुरीच्या अटीत मात्र गल्लत होते. 'किमान' म्हणजे 'कमीत कमी'. त्यातील 'कमी' या शब्दामुळे त ≤ १ असे लिहिले जाते. वस्तुतः 'किमान' खालची सीमा सांगते. राशी त्या सीमेवर किंवा तिच्या वर असते. म्हणून त ≥ १. याउलट 'कमाल' वरची सीमा सांगते, तेथे ≤ हे चिन्ह येते.

योग्य चिन्हाने ४ एकर कापूस, १ एकर तूर व ५७ हजार रुपये नफा असे उत्तर मिळते. चुकीच्या चिन्हाने ५ एकर कापूस व ६० हजार रुपये नफा येतो. हे उत्तर अधिक आकर्षक दिसते. पण त्यात घरची डाळच उरत नाही.

नकारार्थी रचनेकडेही लक्ष द्यावे. हमीभावाने खरेदी करताना सीसीआयच्या निकषानुसार कापसातील ओलावा १२ टक्क्यांपेक्षा अधिक नसावा लागतो. 'अधिक नाही' म्हणजे 'कमी' नव्हे. 'कमी किंवा तितकाच'. म्हणून नेमका १२ टक्के ओलावा असलेला कापूस अटीत बसतो. 'पाच एकरांच्या आत' या प्रयोगात मात्र पाच धरायचे की नाही, हे संदर्भावरून ठरवावे लागते.

ताळा : सीमेच्या खालची, सीमेवरची व सीमेच्या वरची अशा तीन संख्या अटीत घालून पाहाव्यात. अर्धा एकर तूर चालत नाही. एक चालते, दोनही चालते. चिन्ह आपोआप ठरते.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

संविधानाच्या अनुच्छेद ३२६ नुसार मतदाराचे वय अठरा वर्षांपेक्षा कमी नसावे. ही अट चिन्हात लिहा व अठरा ही संख्या तीत येते का, ते सकारण सांगा.