शाळेची पारख

वार्षिक परीक्षा आटोपून उन्हाळ्याची सुटी लागली, की बेळगाव आणि आसपासच्या मराठी घरांतून एकाच विषयाची चर्चा सुरू होते. मूल पाचवीत गेले किंवा सहावीत गेले. आता त्याला गावातल्या सरकारी मराठी शाळेतच राहू द्यावे, की दुसऱ्या एखाद्या शाळेत घालावे? काकांचे मत एक पडते, आजोबांचे दुसरे. शेजारच्या घरातील मूल टाय लावून पिवळ्या गाडीतून जाते, ही गोष्ट कोणी मुद्दाम बोलून दाखवीत नाही, तरी ती सर्वांच्या मनात असते. शेवटी निर्णय होतो तो बहुधा इमारतीचा रंग, फाटकावरील निकालाचा फलक आणि कानावर आलेली चार वाक्ये यांवर. म्हैस घेताना आपण दोन वेळचे दूध स्वतः काढून पाहतो; शाळा निवडताना मात्र इतकीही तसदी घेत नाही.

हा विषय मी विद्यार्थ्यांसाठी लिहीत आहे याचे कोणाला नवल वाटेल. परंतु शाळा आतून कशी असते हे तुमच्याइतके कोणालाच ठाऊक नसते, आणि धाकट्या भावंडांच्या शाळेविषयी घरात बोलणे निघाले तर तुमच्या साक्षीला मोल आहे. मात्र साक्ष कशाची द्यावयाची, हे आधी समजले पाहिजे.

प्रथम एक खुलासा. ‘माध्यमिक शाळा’ या शब्दाने प्रांतोप्रांती निरनिराळा अर्थ निघतो. महाराष्ट्रात माध्यमिक म्हटले की नववी-दहावी डोळ्यांसमोर येते. इंदूर-ग्वाल्हेरकडे सहावी ते आठवीच्या शाळेला माध्यमिक किंवा मिडल स्कूल म्हणतात. आपल्या कर्नाटकात सातवीपर्यंतच्या, आणि कोठे कोठे आठवीपर्यंतच्या, शाळेला वरिष्ठ प्राथमिक शाळा असे नाव आहे. १९५६ पूर्वी बेळगाव मुंबई राज्यात होते. त्या काळातील आजोबा-पणजोबा ‘व्हर्नाक्युलर फायनल’चे नाव अभिमानाने घेत, ती याच टप्प्यावरची, मराठी सातवीची परीक्षा. नावे बदलली, तरी वय तेच आहे: अकरा ते चौदा. या वयात अपूर्णांकांतून मूल बीजगणिताकडे वळते आणि वाचायला शिकलेले मूल शिकण्यासाठी वाचू लागते. पहिल्या चार वर्षांत राहिलेला कच्चेपणा येथे उघडा पडतो. येथे तो भरून निघाला नाही, तर दहावीत तो भरून काढणे फार कठीण जाते.

आता पारखीकडे वळू. सर्वांत सोपी पारख कायद्यानेच लिहून ठेवली आहे. २००९ साली संमत झालेला आणि १ एप्रिल २०१० पासून अंमलात आलेला बालकांच्या शिक्षणहक्काचा कायदा सांगतो, की सहावी ते आठवीच्या वर्गांना दर ३५ मुलांमागे किमान एक शिक्षक असावा. विज्ञान व गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा यांसाठी किमान एकेक शिक्षक स्वतंत्र असावा. वर्षाकाठी २२० दिवस आणि १००० तास अध्यापन व्हावे. शंभरांवर मुले असतील तर पूर्णवेळ मुख्याध्यापक असावा. मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे, पिण्याचे शुद्ध पाणी, क्रीडांगण, आणि वर्तमानपत्रे, मासिके व गोष्टींची पुस्तके असलेले ग्रंथालय असावे. यांतील बहुतेक गोष्टी अर्ध्या तासाच्या भेटीत मोजून घेता येतात आणि त्या अवश्य मोजाव्यात. मुलींच्या स्वच्छतागृहाला कुलूप आहे की पाणी, हा प्रश्न क्षुल्लक नाही. त्यापायी मोठ्या मुलींची हजेरी घटते. तथापि ही सारी भांड्यांची मोजदाद झाली. भांडी घासूनपुसून ठेवलेली असली, म्हणजे चुलीवर अन्न शिजत आहे असे होत नाही.

मग निकाल पाहावा, असे कोणीही सुचवील. येथे थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण निकालाच्या आकड्याने भल्याभल्यांना चकविले आहे. इंग्लंडमध्ये १८६२ साली रॉबर्ट लो यांच्या पुढाकाराने असा नियम झाला, की शाळेचे सरकारी अनुदान मुलांच्या हजेरीवर आणि निरीक्षकापुढे होणाऱ्या वाचन, लेखन व गणित यांच्या परीक्षेवर ठरावे. निकाल तितके पैसे, असा हा रोखठोक व्यवहार. परिणाम काय झाला? ज्या तीन विषयांना पैसे होते तेवढेच शिकविले जाऊ लागले, आणि वाचनाचे पुस्तक मुलांकडून पाठ करून घेतले जाऊ लागले. प्रसिद्ध कवी मॅथ्यू अर्नोल्ड हे स्वतः शालानिरीक्षक होते. त्यांनी आपल्या अहवालांतून या पद्धतीवर सतत टीका केली. १८९० नंतरच्या दशकात इंग्लंडने ती सोडून दिली. आपल्या मुंबई इलाख्यातही अनुदानाचे या धर्तीचे नियम काही काळ होते. डेप्युटी साहेब येणार म्हणून शाळा सारवून, तोरणे बांधून, हुशार मुलांना पुढच्या रांगेत बसविण्याची जी हकीकत जुनी माणसे हसत हसत सांगतात, तिचे मूळ या धाकातच आहे.

निकाल खोटा नसला तरीही तो फसवितो, हे गणिताने पाहू. दोन काल्पनिक शाळा घ्या. पहिल्या शाळेने पाचवीत ४० मुले घेतली. प्रवेशाच्या वेळी मुलाखत होती, त्यामुळे त्यांतील ३८ मुलांना इयत्तेला साजेसे वाचन व गणित आधीच येत होते. सातवीच्या अखेरीस ३६ मुले इयत्तेच्या पातळीवर राहिली. निकाल ९० टक्के. दुसऱ्या शाळेने दाराशी येईल त्याला घेतले. ४० पैकी १२ मुलेच पातळीवर होती. सातवीअखेर ती ३० झाली. निकाल ७५ टक्के. फलक वाचणारा पहिल्या शाळेकडे धावेल. पण पहिल्या शाळेत असलेल्यांतली दोन मुले कमी झाली आणि दुसरीने अठरा मुले वर आणली! पहिला आकडा मुख्यतः प्रवेशाच्या चाळणीचा आहे, दुसरा शिकविण्याचा.

याहून चमत्कारिक गोष्ट पुढे आहे. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून देशभर नवोदय विद्यालये उभी राहिली. त्यांत सहावीचा प्रवेश निवड परीक्षेने होतो, आणि पाचवीत शिकणारी मुले तिला बसतात. आपल्याकडील मोरारजी देसाई वसती शाळांचा सहावीचा प्रवेशही परीक्षेनेच मिळतो. एखाद्या गावशाळेच्या पाचवीत २० मुले आहेत आणि त्यांतील १० पक्की तयार आहेत, असे समजा. म्हणजे ५० टक्के. शिक्षकांनी सायंकाळी जादा वर्ग घेऊन त्यांपैकी तिघांना निवड परीक्षेत यश मिळवून दिले. ती तिघे गेली. उरलेल्या १७ मध्ये ७ तयार राहिली, म्हणजे जेमतेम ४१ टक्के. शाळेने चांगले काम केले आणि त्याची शिक्षा म्हणून तिचा आकडा खाली आला! गावात मात्र चर्चा होते, की ‘शाळा उतरली’. शिवाय आपल्या अनेक शाळांत सातवीचा वर्ग दहा-बारा मुलांचा असतो. बारांच्या वर्गात एका मुलाच्या तापाने निकाल आठ टक्क्यांनी ढळतो. अशा ठिकाणी यंदाच्या आणि गेल्या वर्षीच्या टक्केवारीची तुलना करणे हा वेळेचा अपव्यय होय. तीन-चार वर्षांचा एकत्र हिशेब घेतला, तरच त्यातून काही अर्थ निघेल.

मग पाहावे तरी काय? माझ्या मते शाळेतील सर्वांत बोलकी वस्तू म्हणजे मुलांच्या वह्या. त्याही वर्गनायकाने पुढे केलेल्या नव्हेत. मधल्या आणि शेवटच्या बाकांवरच्या. सहावीची गणिताची एखादी वही उघडा. सगळ्या मुलांच्या वह्यांत तीच उदाहरणे, त्याच शब्दांत, एकही खोडाखोड नसलेली असतील, तर ती फळ्यावरून उतरून घेतलेली आहेत. जेथे मूल स्वतः विचार करते तेथे चुका असतातच. त्या चुकांवर शिक्षकाची लाल रेघ आहे का, रेघेखाली मुलाने ते उदाहरण पुन्हा करून पाहिले आहे का, आणि पुढल्या आठवड्यात तीच चूक कमी झाली आहे का, हे तिन्ही प्रश्न वही पाच मिनिटांत सांगते. नुसती ‘पाहिले’ अशी सही आणि तारीख यांवरून एवढेच कळते, की शिक्षकाजवळ लाल पेन आहे. मराठीच्या वहीत निबंध पाहावा. ‘माझी आई’ या विषयावर तीस मुलांच्या तीस आया एकाच वेळी उठून तोच स्वयंपाक करीत असतील, तर तो निबंध मुलांचा नव्हे.

दुसरी कसोटी वाचनाची व भागाकाराची. ‘असर’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या पाहणीत मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचावयास आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागावयास देतात. २०२२ च्या पाहणीत भारताच्या ग्रामीण भागातील आठवीच्या मुलांपैकी ६९.६ टक्के मुलांना तो उतारा वाचता आला आणि ४४.७ टक्के मुलांनाच भागाकार जमला. यात सरकारी आणि खासगी दोन्ही शाळांची मुले होती, म्हणजे टायमुळे भागाकार येतो असेही नाही. ही कसोटी घरच्या ओसरीवर घेता येते. तिला खर्च नाही. मात्र ती शाळेतील अगदी मागे पडलेल्या मुलाची घ्यावी. पहिला क्रमांक कोठेही पहिलाच येतो; शाळेचा कस लागतो तो तळाच्या पाच मुलांवर.

आपल्या भागात एक तिसरी कसोटी आहे, आणि ती स्पष्ट सांगितली पाहिजे. मराठी शाळेतील कन्नडचा तास कसा चालतो ते पाहा. तो नुसता वेळापत्रकात असतो, की मुले त्या तासाला खरोखर दोन वाक्ये बोलतात? मायबोलीचा अभिमान आणि राज्यभाषेचे ज्ञान यांत वैर नाही. तुकारामांचा अभंग म्हणणाऱ्या मुलाला बसवरील पाटी आणि तहसील कचेरीतील अर्ज वाचता आला, तर त्याच्या मराठीला बाध येत नाही. ज्या मराठी शाळेत मराठी उत्तम आहे आणि कन्नड व इंग्रजी या भाषांनाही प्रामाणिक वेळ मिळतो, ती शाळा आपल्या मुलांना या प्रदेशात ताठ मानेने राहण्यास सिद्ध करते. इंग्रजीचेही असेच. ‘मे आय कम इन’ ऐकून हुरळून जाऊ नये. न पाहिलेला चार ओळींचा परिच्छेद वाचून मुलगी त्याचा अर्थ मराठीत सांगते का, ते पाहावे.

ग्रंथालयाच्या नोंदवहीत पुस्तके नेल्याच्या तारखा ताज्या असाव्यात. कपाटाची काच स्वच्छ असणे हे पुस्तके न हलल्याचेही लक्षण असू शकते. इतर बारीकसारीक खुणा चाणाक्ष पालकाला आपोआप दिसतील.

एवढे पाहून शाळा उणी ठरली, तर दोष कोणाचा हेही विचारणे न्यायाचे आहे. गणिताची जागा दोन वर्षे रिकामी आहे आणि अतिथी शिक्षक निम्मे वर्ष उलटल्यावर येतो, तर त्यात मुख्याध्यापकांचा काय अपराध? मंजूर पदांपैकी दहा टक्क्यांहून अधिक पदे रिक्त राहू नयेत, असे याच कायद्याचे बंधन आहे. आणि जनगणना, निवडणूक व आपत्तिनिवारण यांखेरीज शिक्षणबाह्य कामे शिक्षकांना देऊ नयेत, असेही त्यात म्हटले आहे. याचा जाब विचारण्याची जागाही कायद्यानेच दिली आहे. शाळेच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत, आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्यात. आपल्याकडे हिला एस.डी.एम.सी. म्हणतात. तिच्या सभेला जो पालक कधी गेला नाही, त्याने चहाच्या दुकानात शाळेविषयी दिलेला निकाल मी तरी फारसा मनावर घेत नाही.

ही पारख चुकली तर नुकसान एका घरापुरते राहात नाही. गावातील चार कुटुंबांनी ऐकीव गोष्टींवर मुले काढली, की पट घसरतो. पट घसरला, की शिक्षकाचे पद जाते. पद गेले, की सहावी-सातवी एका खोलीत बसते. आणि ते पाहून आणखी चार कुटुंबे मुले काढतात. चांगली चाललेली शाळाही अशा रीतीने काही वर्षांत खरोखर वाईट होते, आणि तेव्हा पहिली चार कुटुंबे म्हणतात, ‘आम्ही तेव्हाच सांगितले होते!’ ज्यांना मुलाला गाडीतून दूर पाठविणे परवडत नाही, त्यांची मुले त्याच खोलीत मागे राहतात. उलट, खरोखर निकृष्ट असलेल्या शाळेला केवळ ती मराठी आहे म्हणून डोळे झाकून चांगली म्हणत राहणे, हाही मुलांवरील अन्यायच होय.

एक कसोटी मात्र त्या शाळेत जाऊन पाहता येत नाही. ती आपल्या हायस्कुलात आहे. जनरल रजिस्टरमध्ये प्रत्येक विद्यार्थ्याच्या नावापुढे पूर्वीच्या शाळेचे नाव लिहिलेले असते. आठवीत आलेली मुले कोणत्या शाळांतून आली, त्यांतील किती दहावीपर्यंत टिकली, मुली किती टिकल्या, आणि आठवीच्या पहिल्या चाचणीत त्यांना गणितात काय पडले, हा तक्ता पाच वर्षांच्या नोंदींवरून सहज तयार होईल. मुलांची नावे त्यात घालण्याचे कारण नाही. शाळा आणि संख्या पुरे. मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन संख्याशास्त्राच्या धड्याचा प्रकल्प म्हणून नववीच्या विद्यार्थ्यांनी हे काम हाती घ्यावे. आलेखाचा कागद दुकानात मिळतो, आणि रजिस्टरे कचेरीच्या कपाटात आहेत.