संध्याकाळची भूक आणि कोकमाच्या गोळ्या

प्रश्न : वय ४३, राहणार डोंबिवली पूर्व, नोकरी फोर्टला. दुपारचा डबा एक वाजता खाते. संध्याकाळी गाडीत चढल्यापासून पोटात कावळे ओरडायला लागतात. स्टेशनाबाहेर पडलं की वडापाव नाहीतर भजी होतेच, आणि घरी गेल्यावर जेवणही होतं. वजन वाढत चाललंय. ऑफिसातली मैत्रीण भूक कमी करणाऱ्या कोकमाच्या गोळ्या घेते. नैसर्गिक आहेत, अपाय नाही, असं ती म्हणते. भूक कमी करणारं नैसर्गिक काही खरंच असतं का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आधी गोळ्यांबद्दल. त्यांत बहुतेक वेळा आपलं कोकणातलं कोकम नसतंच. त्याच कुळातलं, दक्षिणेकडे आंबटपणासाठी वापरतात ते गार्सिनिया कंबोजिया नावाचं फळ असतं. त्याच्या सालीतलं हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल भूक कमी करतं आणि चरबी साठू देत नाही, असा दावा आहे. अमेरिकेत १३५ जाड व्यक्तींवर १२ आठवडे त्याची नीट चाचणी झाली आणि १९९८ साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात ती छापून आली. काहींना अर्क दिला, काहींना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी दिली. जेवण मात्र दोघांनाही सारखंच होतं, कमी उष्मांकाचं आणि भरपूर चोथ्याचं. अर्क घेणाऱ्यांचं वजन सरासरी ३.२ किलो उतरलं, नुसती गोळी घेणाऱ्यांचं ४.१ किलो. एवढा फरक योगायोगानंही पडू शकतो, पण अर्काचा काही उपयोग झाला नाही हे त्यातून स्पष्ट दिसलं. वजन उतरवलं ते जेवणानं. शिवाय अशा गोळ्या घेणाऱ्या काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. मैत्रिणीला हे जरूर सांगा. कोकमाचं सार मात्र आनंदानं प्या, ते जेवण आहे.

आता तुमच्या भुकेकडे येऊ. १९९९ साली जपानमधल्या मासायासु कोजिमा, केंजी कांगावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जठरातून स्रवणारं घ्रेलिन हे संप्रेरक शोधलं. पोट रिकामं झालं की ते रक्तात वाढतं आणि मेंदूला भुकेची वर्दी देतं, जेवलं की उतरतं. महत्त्वाचं म्हणजे ते आपल्या रोजच्या जेवणाच्या वेळेआधीच चढायला लागतं. वर्षानुवर्षं गाडीतून उतरल्यावर खात आलात तर गाडी ठाणं सोडते न सोडते तोच शरीर तयारीला लागतं. म्हणजे तुमच्या भुकेत सवयीचा भाग आहे. पण खरी भूकही आहे! एक वाजता जेवलेल्या माणसाला आठ वाजता भूक लागली तर त्यात जिभेचे चोचले कुठे आले? सात तास झालेले असतात. या भुकेला फसवू नका, तिला वेळेवर खायला घाला. मी तुम्हाला सांगेन तो सगळ्यांत परिणामकारक नैसर्गिक उपाय हाच.

त्यासाठी डबा उघडून बघायला हवा. तीन पोळ्या आणि भेंडीची किंवा बटाट्याची भाजी, हा आपल्याकडचा नेहमीचा डबा. त्यातून १० ते १२ ग्रॅम प्रथिनं मिळतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार रोज दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं हवीत, म्हणजे ५५ किलोला साधारण ४६ ग्रॅम. पोट भरल्याची भावना टिकवायला प्रथिनं आणि चोथा यांच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही. दोन्ही आतड्यात पोचल्यावर जीएलपी-१ सारखी संप्रेरकं स्रवतात. सध्या वजनासाठी ज्या महागड्या इंजेक्शनांचा बोलबाला आहे तीही याच संप्रेरकाच्या वाटेनं काम करतात, फक्त कितीतरी जास्त जोरानं आणि जास्त वेळ. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची असतात. उसळीचा परिणाम तेवढा नसतो, पण रोज मिळतो. म्हणून एक पोळी कमी करा आणि मटकी, मूग, वाल किंवा चवळीची उसळ वाढवा. सोबत दही किंवा एक अंडं. डबा पोळीभाजी केंद्रातून येत असेल तर तिथेही भाजीऐवजी उसळ मागता येते. डोंबिवलीच्या आसपासच्या आगरी घरांत तांदळाच्या भाकरीबरोबर सुकट असते. खात असाल तर सुकट-बोंबलासारखं स्वस्त आणि भरपूर प्रथिनांचं दुसरं काही शोधून सापडणार नाही. फक्त खारवलेली सुकी मासळी नीट धुऊन घ्या.

बटाट्याबद्दल एक सांगायलाच हवं, त्याला उगाच बदनाम केलं आहे. सिडनी विद्यापीठात सुझाना होल्ट यांनी १९९५ साली ३८ पदार्थ सारख्या उष्मांकाचे वाढून, दोन तासांत कोणता किती पोट भरलेलं ठेवतो ते मोजलं. पांढऱ्या पावाला १०० गुण धरले तर उकडलेल्या बटाट्याला ३२३ मिळाले. तो सगळ्यांच्या वर होता. वडापावात तोच बटाटा बेसनात बुडून तेलात तळला जातो आणि वर पाव येतो, तेव्हा साधारण ३०० उष्मांक चार घासांत संपतात. माझा राग बटाट्यावर नाही, त्या घाईवर आहे. पोट भरल्याचा निरोप मेंदूला पोचायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, आणि तोवर दुसरा वडा हातात आलेला असतो.

तेव्हा ऑफिसातून निघण्याआधी, पाच-साडेपाचला खा. गाडीत खाऊ म्हटलं तर संध्याकाळच्या डोंबिवली लोकलमध्ये हात वर करायला जागा नसते. मूठ-दीड मूठ, म्हणजे ५० ग्रॅमच्या आसपास फुटाणे सालासकट चावून खा. त्यात १० ग्रॅम प्रथिनं आहेत आणि उष्मांक वडापावाच्या जवळपास निम्मे. किंवा उकडलेलं अंडं आणि पेरू. किंवा दुपारच्या डब्यातली थोडी उसळ राखून ठेवा. शेंगदाणे चालतील, पण मोजून, त्यांत तेल बरंच असतं. चार वाजताची चहा-बिस्किटं मात्र या कामाची नाहीत. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी २० जणांना महिनाभर ठेवून घेतलं आणि दोन आठवडे कारखान्यात तयार झालेलं, दोन आठवडे साधं शिजवलेलं जेवण दिलं. २०१९ साली निष्कर्ष आले. वाढलेल्या ताटांत साखर, चरबी, चोथा सारखाच होता आणि हवं तितकं खायची मुभा होती, तरी कारखान्यातल्या अन्नावर माणसं रोज सुमारे ५०० उष्मांक जास्त खात होती. पाकिटातलं अन्न भराभर खाल्लं जातं, हे त्यामागचं एक कारण असावं.

तरी मला सगळ्यांत जास्त काळजी तुमच्या झोपेची वाटते. तुम्ही लिहिलेलं नाही, पण फोर्टला जाणारी आणि डबा करणारी डोंबिवलीची बाई पहाटे पाचनंतर अंथरुणात क्वचितच असते. शिकागो विद्यापीठात १२ तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिलं, तेव्हा तृप्तीची खूण देणारं लेप्टिन १८ टक्के उतरलं आणि घ्रेलिन २८ टक्के वाढलं. हा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्या तरुणांना गोड, खारट आणि पिठूळ खाण्याची ओढ वाढली होती. म्हणजे जागरणानंतर वडापावाचा मोह होणं ही तुमच्या निग्रहाची कमतरता नाही. हा सल्ला तुमच्यापेक्षा घरच्यांसाठी आहे : रात्रीची भाजी दुसऱ्या कुणी चिरावी, सकाळचे डबे दुसऱ्या कुणी भरावेत आणि तुम्ही तासभर आधी झोपावं. कोणत्याही गोळीपेक्षा याचा उपयोग जास्त होईल.

राहिले स्वयंपाकघरातले उपाय. जेवणाआधी अर्धा तास दोन ग्लास पाणी पिणाऱ्या वयस्कर माणसांचं वजन १२ आठवड्यांत इतरांपेक्षा सुमारे दोन किलो जास्त उतरलं, असं अमेरिकेतल्या एका चाचणीत दिसलं. प्रवासात स्वच्छतागृहाच्या धास्तीनं बायका पाणीच पीत नाहीत. निदान घरी पोचल्यावर तरी प्या. पातळ ताक उत्तम. इसबगोल एक चमचा, पण ग्लासभर पाण्याबरोबरच, आणि इतर औषधांच्या वेळेपासून लांब. मेथीच्या चोथ्यानं पोट भरल्यासारखं वाटतं, असं लहान अभ्यासांत दिसलं आहे. लिंबू-मधाच्या पाण्यानं चरबी वितळत नाही. पावसाळ्यात कल्याणच्या आणि ठाण्याच्या जांभळी नाक्यावरच्या बाजारात मुरबाड-शहापूरकडच्या बायका टाकळा, कुर्डू, करटोली, शेवळं घेऊन बसतात, त्यांच्याकडून भाजी घ्या. ताटात पालेभाजी भरपूर असली की कमी उष्मांकात पोट भरतं. शेवळं करताना काकडं किंवा चिंच घालायला विसरू नका, नाहीतर घसा खाजेल.

प्रश्न : माझं जेवण व्यवस्थित असतं. पण रात्री साडेनऊ-दहाला गोड खायची तलफ येते, आवरत नाही. काय करावं?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : पोट भरलेलं असताना एखादाच ठरावीक पदार्थ हवासा वाटतो, ती भूक नव्हे. भूक वाढत जाते आणि तिला भाकरीही चालते. तलफेला पेढाच हवा असतो, पण थोडा वेळ दुसरीकडे लक्ष गेलं तर ती बहुधा ओसरते. इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठात पंधरा मिनिटं भरभर चालल्यानंतर चॉकलेटची ओढ कमी झाल्याचं दिसलं. तुमच्याकडे तर तलावपाळी आहे. जेवलात की एक फेरी मारून या, जेवणानंतरची रक्तातली साखरही त्यानं कमी चढते. गोड पूर्ण बंद करून मनात धरून ठेवण्यापेक्षा दुपारच्या जेवणात, ताटात वाढून, एक तुकडा खा. आणि डबा भरून मिठाई घरात ठेवू नका, समोर असलेल्या गोष्टीशी रोज झगडणं कुणालाच जमत नाही.

प्रश्न : दीक्षितांचं ऐकून दोनदाच जेवावं, की ऋजुता दिवेकरांचं ऐकून थोडं थोडं खात राहावं? घरात यावरून वाद आहेत. मला मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत.
– एक वाचक, कल्याण पश्चिम

उत्तर : डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी डॉ. श्रीकांत जिचकार यांचा विचार पुढे नेला : कडक भूक लागेल त्या दोन वेळांना जेवायचं, ५५ मिनिटांत संपवायचं, गोड टाळायचं आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. दिवेकरांचा भर घरच्या, आपल्या मातीतल्या अन्नावर आणि फार वेळ उपाशी न राहण्यावर आहे. एकूण खाणं सारखंच असेल तर ते किती वेळा विभागलं यानं वजनात मोठा फरक पडत नाही, असं बऱ्याच चाचण्यांत दिसलं आहे. दोन्हीकडे गुण येतो तो येता-जाता तोंडात टाकणं आणि साखर बंद झाल्यामुळे, असं माझं मत आहे. दोनदा जेवून ज्याला दिवसभर शांत वाटतं त्यानं तसं करावं. दुसऱ्या जेवणाला ज्याची खा खा सुटते त्यानं करू नये.

तुमची गोष्ट मात्र वेगळी आहे. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना एक जेवण गाळलं तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. घाम, थरथर आणि अचानक जोराची भूक ही त्याची लक्षणं. तेव्हा लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून घ्या आणि पंधरा मिनिटांनी रक्तातली साखर तपासा. जेवणाच्या वेळा बदलायच्या असतील तर आधी डॉक्टरांकडून औषधाची मात्रा बदलून घ्यावी लागेल. आणि घरात कुणाची भूक-तहान एकाएकी वाढून वजन उलट घटत असेल, तर आहाराचा वाद बाजूला ठेवून त्यांची उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर याच आठवड्यात तपासून घ्या, थायरॉइडही.