विमानाचे तीन दांडे आणि सायकलचा ब्रेक

"सर, घरी विमान बनतं का?" वर्ध्याच्या आमच्या आठवीतला प्रश्न. बनतं! कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं, 2016 मध्ये ते मुंबईच्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ठेवलं होतं.

अनेक छोट्या विमानांत इंजिनासाठी तीन दांडे असतात: काळा थ्रॉटलचा, निळा पंख्याचा, लाल हवा-पेट्रोल मिश्रणाचा. लाल पूर्ण मागे ओढला की इंजिन बंद! उतरताना वैमानिकाची नजर धावपट्टीवर, म्हणून मुठींचे आकारही वेगळे ठेवतात.

दांड्याऐवजी व्हर्नियर नॉबही बसवता येतो. मधलं बटण दाबून तो पटकन सरकतो, फिरवला की जरा-जरा. उंचावर हवा विरळ, पेट्रोल बेतानं कमी करायचं, तिथे हा उत्तम. थ्रॉटलला मात्र मला दांडाच बरा वाटतो, घाईत एका ढकलीत पूर्ण जोर. (मी विमान नाही, ट्रॅक्टर चालवलाय!)

वर्गात सायकलच्या ब्रेकची तार उघडून दाखवा. विमानातली तार ताठ असते, ढकलताही येते. तुटली तर? बरेच जण कार्बोरेटरला स्प्रिंग लावतात, ती थ्रॉटल पूर्ण उघडते. मुलं म्हणाली, "उलट इंजिन बंद व्हायला पाहिजे ना?"

मागच्या बाकावरून उत्तर आलं, "अन् वर थांबशील कुठं?"