कल्पनेतील अग्निबाण आणि हिशेबाची वही

गेल्या पावसाळ्यात एके दिवशी आगगाड्या बंद पडल्या आणि आमच्या वर्गातील निम्मी मुले शाळेतच अडकून राहिली. वेळ कसा घालवावा, असा प्रश्न पडला असता काही मुलांनी एक नवा खेळ मांडला. या खेळात एक जण सूत्रधार होतो व गोष्ट सांगतो. बाकीचे एकेका पात्राचे सोंग घेतात, आपल्या पात्राने काय केले ते बोलून दाखवितात, आणि संशय पडेल तेथे फासे टाकून निकाल लावितात. 1977 साली अमेरिकेत 'ट्रॅव्हलर' नावाचा अंतराळप्रवासाचा असा एक खेळ प्रसिद्ध झाला व पुढे तसे अनेक निघाले. 'द एक्स्पान्स' ही इंग्रजी कादंबरीमालाही मुळात अशाच एका खेळासाठी रचलेल्या जगातून जन्मास आली. तिचा पहिला भाग 2011 साली निघाला.

आमच्या मुलांची गोष्ट अशी होती: मंगळावर मनुष्यवस्ती झाली आहे, तेथे साथ पसरली आहे, आणि पृथ्वीवरून औषध पोहोचवावयाचे आहे. एका मुलाने सांगितले की, त्याचे यान दोन दिवसांत मंगळ गाठते, कारण त्याचे इंजिन वाटेत एक क्षणही थांबत नाही. एका मुलीने हरकत घेतली, "हे अशक्य आहे." वाद वाढला व आमच्यापाशी आला. आम्ही वह्या तपाशीत होतो, मान वर न करताच म्हणालो, "अरे, असले इंजिन असूच शकत नाही. पुरे झाल्या गप्पा." मुलाने वही मिटली आणि तो पुन्हा खेळला नाही.

घरी गेल्यावर ते मिटलेले तोंड आमच्या डोळ्यांपुढून हलेना. आम्ही निकाल दिला खरा, परंतु हिशेब केला होता काय? रात्री कागद घेऊन बसलो. त्या रात्रीचा हिशेब हाच आजचा धडा होय.

प्रथम एक जुने उदाहरण घेऊ. 1865 साली ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकाने चंद्रप्रवासाची कादंबरी लिहिली. इ. स. 1900 च्या सुमारास 'केरळकोकिळ' मासिकातून ती मराठी वाचकांच्याही भेटीस आली. व्हर्नने अग्निबाण योजिला नाही; 900 फूट लांबीच्या तोफेतून त्याने माणसांसह गोळा उडविला. चंद्राकडे जाण्यास दर सेकंदास सुमारे 11 किलोमीटर वेग लागतो, हे त्याने बरोबर धरले. परंतु एवढा वेग 900 फुटांत, म्हणजे सुमारे 274 मीटरांत, यावयाचा तर आतील माणसांवर त्यांच्या वजनाच्या वीस हजार पटींहून अधिक दाब पडेल. पन्नास किलोचा मनुष्य हजार टनांखाली चिरडल्यासारखा होईल. चूक एवढीच की, वेग फार थोड्या अंतरात दिला. तरीही हीच कादंबरी वाचून त्सिओल्कोव्हस्की नावाच्या रशियन शाळामास्तरांना अंतराळप्रवासाचा ध्यास लागला, आणि 1903 साली त्यांनी अग्निबाणाचे सूत्र प्रसिद्ध केले. चुकीच्या तोफेतून खरे सूत्र निघाले, हे आम्ही त्या मुलास झिडकारताना विसरलो होतो.

आता ते सूत्र पाहू. होडीत उभे राहून दगड मागे फेकला तर होडी किंचित् पुढे सरते. अग्निबाण हेच करितो. त्याचे दगड म्हणजे मागे सोडलेला तप्त वायु. म्हणून कोणत्याही इंजिनास पहिला प्रश्न विचारावा: "तू मागे काय फेकतोस?" जे काहीच न फेकता पुढे जाते, त्याला निसर्गनियमात जागा नाही. ते परीकथेतील घोडा होय, आणि त्याला तसेच म्हणावे.

दुसरा प्रश्न: "किती वेगाने फेकतोस, आणि किती ओझे घेऊन निघतोस?" सूत्र असे सांगते की, झोताच्या वेगाइतकाच वेग यानास हवा असेल, तर इंधनाने भरलेले यान रिकाम्या यानाच्या 2.7 पट जड असले पाहिजे. झोताच्या दुप्पट वेग हवा असेल तर 7.4 पट, तिप्पट हवा असेल तर 20 पट, पाचपट हवा असेल तर 148 पट, आणि दहापट हवा असेल तर 22,000 पट! वेग पायरीपायरीने वाढतो, पण ओझे उड्या मारीत वाढते. कारण उघड आहे: उद्याचे इंधन वाहून नेण्यासाठी आज इंधन जाळावे लागते.

याचा पुरावा पाहण्यास दूर जावयास नको. घाटकोपरहून कल्याणच्या बाजूस जाणारी गाडी धरली की पुढचेच स्थानक विक्रोळी. तेथील गोदरेजच्या कारखान्यात इस्रोसाठी 'विकास' नावाची अग्निबाणाची इंजिने घडविली गेली आहेत. ज्या आवारातील कपाटे व कुलुपे आपल्या घराघरांत आली, त्याच आवारातील ही कारागिरी आहे. एक विकास इंजिन सुमारे 80 टन वजन पेलण्याइतका रेटा देते, आणि त्याचा झोत निर्वात अवकाशात दर सेकंदास सुमारे 2.9 किलोमीटर वेगाने निघतो. द्रवरूप हायड्रोजन व ऑक्सिजन जाळणाऱ्या 'सी-ई-20' इंजिनाचा झोत सुमारे 4.3 किलोमीटर वेगाचा असतो. घन इंधनाच्या विद्येत, आपणांस अभिमान वाटावा असे, पुण्याचे डॉ. वसंत गोवारीकर यांनी मोठे काम केले.

14 जुलै 2023 रोजी चंद्रयान-3 घेऊन जो अग्निबाण उडाला, त्यात घन इंधनाचे दोन बाण, दोन विकास इंजिने व एक सी-ई-20 इंजिन होते. उड्डाणसमयी त्याचे वजन 640 टन होते, आणि चंद्राकडे निघालेले यान मात्र 3,900 किलोचे. म्हणजे चार टनांचे पाहुणे पोहोचविण्यास सहाशे चाळीस टनांची वरात! सूत्राचा अर्थ याहून स्पष्ट कोणता असणार?

आता आमच्या विद्यार्थ्याचे यान घेऊ. त्याचे भरलेले वजन 100 टन धरा, आणि मंगळ 8 कोटी किलोमीटर दूर आहे असे माना. ग्रहांची गति व सूर्याची ओढ येथे सोडून देऊ. आपण जमिनीवर उभे असताना जेवढे वजन जाणवते, तेवढेच यानात जाणवेल अशा बेताने इंजिन रेटीत राहिले. अर्ध्या वाटेपर्यंत वेग वाढविला, मग यान उलट फिरवून उरलेल्या वाटेत तो कमी केला, तर प्रवासास सुमारे 50 तास लागतात. म्हणजे मुलाचे "दोन दिवस" अगदी बरोबर होते! आम्ही हे गणित मांडले तेव्हा आमची मान प्रथम खाली गेली.

परंतु वेगाचा एकूण खर्च दर सेकंदास सुमारे 1,770 किलोमीटर येतो. सी-ई-20 च्या झोताने तो भागवावयाचा तर भरलेले यान रिकाम्याच्या जितके पट जड असावे लागेल, तो आकडा 179 अंकी आहे. दिसणाऱ्या साऱ्या विश्वातील अणू मोजले तरी तो आकडा सुमारे 81 अंकीच होतो. तेव्हा कोणतेही इंधन जाळून हे साधणार नाही. झोतच दर सेकंदास 1,770 किलोमीटरच्या आसपास हवा. असा झोत निसर्गनियमाविरुद्ध आहे काय? नाही. तो प्रकाशाच्या वेगाचा शंभरावा भागही नाही. सूर्यात हायड्रोजनाचे अणू एकजीव होताना जी ऊर्जा सुटते, ती याहूनही कितीतरी वेगवान् झोतास पुरेल. "असले इंजिन असूच शकत नाही" हे आमचे वाक्य येथे खोटे ठरले.

मग मुलगा जिंकला काय? अद्याप तिसरा प्रश्न उरला आहे: "तुझे सामर्थ्य किती, आणि उष्णता कोठे टाकतोस?" त्या झोताचे सामर्थ्य 8 लाख 70 हजार मेगावॅट भरते. साऱ्या भारतातील वीजकेंद्रांची मिळून क्षमता 2025 अखेरीस सुमारे 5 लाख मेगावॅट होती. म्हणजे शंभर टनांच्या यानाच्या शेपटीशी आपल्या देशाच्या दीडपटीहून अधिक वीज! त्यातील शंभरावा भाग जरी उष्णतेच्या रूपाने यानात शिरला, तरी तो 8,700 मेगावॅट होतो. आपल्या कोयना प्रकल्पाची क्षमता 1,960 मेगावॅट आहे. चार कोयनांहून अधिक आच एका यानाच्या पोटात! अवकाशात वारा नाही, पाणी नाही. उष्णता केवळ किरणरूपाने बाहेर टाकावी लागते. असे यान मंगळ गाठण्याआधीच वितळून जाईल. येथे निसर्गाने मनाई केली नाही, पण माणसाची विद्या तेथवर पोहोचलेली नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही वर्गात उभे राहून सांगितले की, काल आम्ही हिशेब न करता निकाल दिला, ही आमची चूक झाली. मग सारा हिशेब फळ्यावर मांडला. मुलाने वही उघडली, बराच वेळ आकडे न्याहाळले आणि विचारले, "सर, इंजिनाचा जोर शंभरपट कमी केला तर?"

प्रश्न उत्तम होता. जोर शंभरावा भाग केला की प्रवासाचा वेळ केवळ दहापट वाढतो, म्हणजे सुमारे 21 दिवस होतो. वेगाचा खर्च दहापट उतरतो, म्हणून झोतही दहापट मंद चालतो. आणि सामर्थ्य? ते हजारपट उतरून 870 मेगावॅटवर येते: अर्ध्या कोयनेहूनही कमी. घाई थोडी सोडली तर केवढी बचत होते, पाहा! भारताचे मंगळयान 5 नोव्हेंबर 2013 रोजी निघून 24 सप्टेंबर 2014 रोजी मंगळाच्या कक्षेत पोहोचले होते. त्या मानाने तीन आठवडे म्हणजे अद्यापि विमानाचाच वेग.

याच दिशेने खरी पावलेही पडली आहेत. 2007 साली निघालेल्या अमेरिकेच्या 'डॉन' यानाचे विद्युत्-इंजिन दर सेकंदास सुमारे 30 किलोमीटर वेगाचा झोत सोडीत असे. त्याचा रेटा हातावर ठेविलेल्या एका कागदाच्या वजनाइतकाच. पण ते महिनोन्‌महिने चालले आणि वेस्टा व सेरेस या दोन जगांभोवती फिरले. अणुभट्टीवर तापविलेल्या हायड्रोजनाची इंजिनेही अमेरिकेत 1960 नंतरच्या दशकात जमिनीवर चालवून पाहिली गेली. त्यांचा झोत सुमारे 8 किलोमीटर वेगाचा होता.

त्या मुलांचा खेळ पुन्हा सुरू झाला. आता औषध पोहोचण्यास तीन आठवडे लागणार होते. मग साथ तोवर कशी आवरावी, औषध आधी कोणास द्यावे, वाटेत इंजिन तापले तर काय करावे, असे नवे प्रश्न निघाले, आणि हरकत घेणाऱ्या मुलीस सर्वांनी यानाची इंजिनिअर केले. गोष्ट पूर्वीपेक्षा रंगली.

मराठीत विज्ञानकथेस मान मिळवून देणारे डॉ. जयंत नारळीकर हे स्वतः खगोलशास्त्रज्ञ होते. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेस त्यांनी आपली कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने धाडली व पहिले बक्षीस मिळविले. शास्त्र आणि कल्पना एकाच घरात नांदू शकतात, याची त्यांच्या कथा साक्ष देतात.

पालकांस आमची एवढीच विनंती की, मुलाने अद्भुत यंत्र सांगितले तर "थापा मारू नकोस" असे म्हणण्याआधी त्यास वरील तीन प्रश्न विचारावे. मुलाने उत्तर शोधिले तर तो पदार्थविज्ञान शिकेल. उत्तर सापडले नाही तरी खरे काय आणि मानलेले काय, हे त्यास उमगेल.

अभ्यास: (1) झोत 30 किलोमीटर वेगाचा असेल आणि यानास 60 किलोमीटर वेग हवा असेल, तर भरलेले यान रिकाम्याच्या किती पट जड असावे? (2) आवडत्या गोष्टीतील एखादे यान घेऊन त्यास तिन्ही प्रश्न विचारा व उत्तरे वहीत लिहा.