दात खरे की रिपोर्ट?

प्रश्न : आम्ही किनवट तालुक्यातले, गावात बोअरचं पाणी. मुलगा वर्षभर लातूरला 'नीट'च्या क्लाससाठी आहे. दातांवर तपकिरी डाग आहेत, पण तिथे केलेल्या लघवीच्या तपासणीत फ्लोराइड नॉर्मल आलं. खरं काय मानायचं?

उत्तर : दोन्ही खरं असू शकतं. लघवीतलं फ्लोराइड गेल्या एक-दोन दिवसांचाच हिशेब सांगतं, आणि मुलगा आता लातूरचं पाणी पितो. फ्लोराइडचे डाग पडतात ते पक्के दात हिरडीत घडत असताना, साधारण वयाच्या आठव्या वर्षापर्यंत. (डाग त्याचेच का, ते दंतवैद्याकडून बघून घ्या.)

एका वेळच्या नमुन्यावर माझा भरवसा कमीच. पाणी कमी प्यायलं की आकडा चढतो. कडक चहानेही चढतो. चोवीस तासांची लघवी गोळा केलेली बरी. तरीही मोठ्या माणसाने शोषलेल्या फ्लोराइडपैकी निम्मंच त्यात उतरतं, बाकीचं हाडांत मुरतं. वाढत्या मुलांच्या हाडांत तर जास्तच.

म्हणून आधी बोअरचं पाणी तपासा. मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम. दुसरी सोयच नसेल तर १.५. उकळून फ्लोराइड जात नाही. घरात लहान मूल असेल, तर हे लांबवू नका.