विमानाचा पासंग

वाचनापूर्वी

जुन्या तराजूचं एक पारडं रिकामं असतानाही कधीकधी थोडं खाली झुकतं. मग दुकानदार दुसऱ्या, हलक्या पारड्याला एखादा छोटा खडा किंवा लोखंडाचा तुकडा बांधतो. त्या तुकड्याला म्हणतात पासंग. विमानालाही पासंग लागतो का? चला, बघूया.

धडा

अमेरिकेत पेन्सिल्व्हेनिया राज्यातल्या लॉक हेवन गावात पायपर कंपनी 'जे-३ कब' नावाचं छोटं विमान बनवत असे. १९३८ ते १९४७ या काळात अशी हजारो विमानं तयार झाली. रंग पिवळा. माणसं दोनच, एकामागे एक बसलेली. पुढे दोन मोठी चाकं आणि शेपटीखाली एक छोटं चाक. त्यामुळे जमिनीवर उभं असताना कबचं नाक वर आणि शेपूट खाली असते.

या विमानाची एक गंमत आहे. वैमानिक एकटाच असेल, तर तो मागच्या आसनावर बसतो! का बरं? इंजिन पुढे असतं. १२ गॅलनची पेट्रोलची टाकीही पुढेच, इंजिनाच्या मागे असते. एक गॅलन पेट्रोल साधारण ६ पौंडांचं. म्हणजे टाकी भरली की पुढे ७२ पौंड वाढले. वैमानिकही पुढेच बसला, तर नाक फार जड होईल. तो मागे बसला की तोल जमतो. १९४७ मध्ये आलेल्या 'पीए-११' या विमानात कंपनीने टाकी पंखात नेली आणि इतरही बदल केले. मग पुढे बसूनही ते एकट्याला उडवता येऊ लागलं.

वस्तूचं सगळं वजन जणू एका बिंदूत एकवटलेलं असतं. त्या बिंदूला गुरुत्वमध्य म्हणतात. विमानाचा गुरुत्वमध्य कुठून कुठपर्यंत चालेल, हे बनवणारी कंपनी ठरवून देते. तो फार पुढे गेला, तर जोरात ब्रेक लावल्यावर शेपूट उचलली जाते आणि नाक जमिनीवर आपटू शकतं. फार मागे गेला, तर धोका आणखी मोठा. हवेत वेग खूप कमी झाला, की पंख विमानाला पेलू शकत नाहीत. तेव्हा नाक खाली करून वेग घ्यावा लागतो. पण शेपूट जड असेल, तर नाक खाली येतच नाही.

मग गुरुत्वमध्य शोधायचा कसा? मेकॅनिक शेपूट उचलून स्टँडवर ठेवतो, म्हणजे विमान सपाट होतं. तीन वजनकाटे लागतात: दोन मोठ्या चाकांखाली दोन आणि शेपटीखाली एक.

समजा, प्रत्येक मोठ्या चाकाखाली ३६० पौंड आणि शेपटीखाली ४० पौंड भरले. एकूण ७६० पौंड. मोठ्या चाकांच्या आसापासून शेपटीचं चाक १९० इंच मागे आहे.

४० × १९० = ७६००
७६०० ÷ ७६० = १०

म्हणजे गुरुत्वमध्य मोठ्या चाकांच्या आसामागे १० इंचांवर आहे.

आता मालकाने शेपटीला ४ पौंड जास्त जड चाक बसवलं. फक्त ४ पौंड! पण आता ४४ × १९० = ८३६०, आणि ८३६० ÷ ७६४ = सुमारे १०.९. गुरुत्वमध्य जवळजवळ एक इंच मागे सरकला.

तो परत १० इंचांवर आणायला पुढे पासंग हवा. आसाच्या पुढे २० इंचांवर जागा असेल, तर किती वजन लागेल? तब्बल २४ पौंड! शेपूट आसापासून खूप लांब आहे, आणि पुढची जागा जवळ. म्हणून मागच्या ४ पौंडांना पुढचे २४ पौंड लागतात. शिवाय तेवढं सामान किंवा पेट्रोल आता कमी न्यावं लागणार.

म्हणून शहाणा मेकॅनिक लगेच शिसं बसवत नाही. तो आधी विचारतो, हलकं चाक चालेल का? मागे एखादी बॅटरी असेल, तर ती पुढे नेता येईल का? पासंग अगदी शेवटी. वजन किती, हे तर बघायचंच. पण ते कुठे आहे, हेही तेवढंच महत्त्वाचं.

शब्दार्थ

पारडं – तराजूचं ताट
आस – चाकं ज्याभोवती फिरतात तो दांडा
पेलणे – वजन उचलून धरणे
तब्बल – वाटलं होतं त्यापेक्षा खूप जास्त

वाक्प्रचार

पारडे जड होणे – एका बाजूची ताकद वाढणे
पासंगालाही न पुरणे – तुलनेत अगदीच कमी असणे

स्वाध्याय

१. जे-३ कबमध्ये एकटा वैमानिक मागे का बसतो? दोन वाक्यांत लिहा.

२. रिकाम्या कबचं वजन साधारण ७६५ पौंड असतं आणि भरलेल्या कबचं वजन १२२० पौंडांपेक्षा जास्त चालत नाही. प्रत्येकी २०० पौंडांची दोन माणसं पूर्ण भरलेली टाकी घेऊन जाऊ शकतील का? नसतील, तर किती पौंड पेट्रोल कमी करावं लागेल?

३. पट्टी बोटावर आडवी ठेवून तोल साधा. मग एका टोकावर नाणं ठेवा. बोट कोणत्या बाजूला सरकवावं लागलं? घरच्यांना मराठीत समजावून सांगा.

४. दोन्ही वाक्प्रचार वापरून एकेक वाक्य लिहा.