घराचा भाव आणि घराचा उपयोग : वेसावे कोळीवाडा



'शहरांची वाढ' शिकवताना आपण लोकसंख्या, रस्ते, इमारती सांगतो आणि पुढे जातो. पण या वाढीने एका छोट्या वस्तीचं काय होतं, हे मुलांना दाखवायचं असेल तर मुंबईच्या पश्चिम उपनगरातला वेसावे कोळीवाडा घ्या. आपण त्याला वर्सोवा म्हणतो.

खाडीच्या तोंडाशी वसलेलं हे कोळ्यांचं जुनं गाव. भोवती अंधेरी वाढत गेली. २०१४ मध्ये वर्सोवा ते घाटकोपर ही मुंबईची पहिली मेट्रो सुरू झाली. येणं-जाणं सोपं झालं की जागेला मागणी येते, भाव चढतात.

इथे एखादं मूल विचारेल, "मग कोळ्यांचा फायदाच ना?" या प्रश्नावर घाई करू नका. फायदा विकणाऱ्याचा. जो विकत नाही, त्याच्या घरात माणसं वाढतात, जागा मात्र तेवढीच. लग्न झालेल्या मुलाला जवळ भाड्याची खोलीही परवडत नाही. तो लांब राहायला जातो. पण होडी काही लांब जात नाही! भरती-ओहोटी बघून निघायचं तर बंदराजवळच राहावं लागतं. बोंबील वाळवायला, जाळी दुरुस्त करायला मोकळी जागा लागते. म्हणजे घर आणि अंगण हेच कामाचं ठिकाण. ते गेलं की धंदाही सुटतो.

कृती : मुलांनी घरी विचारावं, आपण इथे कधी आलो? का आलो? आजच्या भावात इथे घर घेता आलं असतं का? उत्तरं वर्गात वाचा. धडा तिथूनच सुरू होईल.